घाईवय

आमच्या घरात खोटं बोलायला सक्त मनाई होती. दूध उतू गेलं तर गेलं म्हणून सांगायचं, कपबशी फुटली तर फुटली म्हणायचं, मांजरावर ढकलायचं नाही. वयाचं खोटं मात्र आईने कधी खोट्यात धरलंच नाही. ती स्वतःचं वय दोन वर्षांनी कमी सांगायची आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नसे. तरी गिरगावच्या चाळीत होतो तोवर तिला मर्यादा होत्या. तिथे वय लपवायची सोयच नव्हती. शेजारच्या खोलीतल्या काकूंनी मला पाळण्यात घातलं होतं, त्यांची मंदा माझ्याहून आठ दिवसांनी मोठी, आणि मंदाचा वाढदिवस अख्ख्या मजल्याला पाठ. मग बाबांना जुईनगरला नव्या वसाहतीतलं घर लागलं आणि आम्ही खाडी ओलांडून आलो. टेम्पोत लोखंडी कपाट आलं, शिवणयंत्र आलं, देव्हारा आईच्या मांडीवर बसून आला. ताईची तीन वर्षं तेवढी गिरगावात राहिली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण उषा. तेव्हा ती सत्तावीसची होती आणि तिचं लग्न व्हायचं होतं. सुरुवातीला तिने दोन स्थळं नाकारली, मग दोघांनी तिला नाकारलं, आणि मग बाबांच्या पोटाचं ऑपरेशन निघालं, त्यात दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत बाबांचं पथ्यपाणी, दवाखाना, जखम धुणं, सगळं ताईनेच केलं. आई रक्त बघून चक्कर येऊन पडायची आणि माझं कॉलेज होतं. जुईनगरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात आईने ताईचा बायोडाटा नव्याने लिहिला आणि वयाच्या ओळीत चोवीस घातलं. अख्ख्या इमारतीत आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. आम्ही तरी कुणाला कुठे ओळखत होतो? वर-खाली रिकाम्या घरांत दिवसभर फरशी घासायची मशीनं घरघरत असायची आणि दाराखालून पांढरं पाणी वाहत यायचं. त्या घरघरीत आई मला म्हणाली, "सुमे, आजपासून तू एकोणीसची." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी बावीसची होते, बी.कॉम. झाले होते. पण गणित सोपं होतं. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती खाली आली तर मलाही खाली यावंच लागणार. माझी पदवी आईने उशाखालच्या पेटीत ठेवली आणि मी पुन्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात गेले.

आता हसू येतं. तेव्हा अंगाचा तीळपापड झाला होता. वय कमी झालं तर बाई खूश होते असं म्हणतात. ज्यांच्याजवळ भरपूर शिल्लक असेल त्या होत असतील. बावीसची एकोणीस झालेल्या मुलीला कसं वाटतं ते कुणी विचारलं नाही. पाहुणे यायचे असले की मला दोन वेण्या घालायच्या, जुना स्कर्ट नेसवल्यासारखा घालायचा, चष्मा राहू द्यायचा. ताईला मात्र मोतिया रंगाची सिल्कची साडी. घरातली सगळी साय तिच्या चेहऱ्याला. मसूरडाळ वाटायची तिच्यासाठी, संत्र्याची सालं गच्चीत वाळायची तिच्यासाठी, आणि वाटायला मी. एकदा मी चोरून ते वाटण स्वतःच्या गालाला लावलं. आईने बघितलं आणि म्हणाली, "तुला काय घाई आहे?" हे वाक्य पुढे माझ्या आयुष्याला चिकटणार होतं.

बाबा तारऑफिसात होते. तारेत शब्दाशब्दाला पैसे, म्हणून लोक येऊन लांबलचक मजकूर सांगायचे आणि बाबा तो कापून चार शब्दांत बसवून द्यायचे. ती सवय घरीही आली होती. जेवायला बसलो की ते एखादी गोष्ट सांगायचे आणि म्हणायचे, "याला एक शब्द करा बघू." मी करायचे. ताईला ते जमत नसे. ती सुंदर बोलायची, गायची, बी.ए.ला तिचं मराठी होतं, पण शब्द करणं माझंच. जमला की बाबा घास तसाच धरून मान हलवायचे, एकदाच. ती मान माझी कमाई होती. घरात बाकी सगळं ताईचं होतं, बाबांचं आजारपणसुद्धा तिचंच, पण ती मान माझी.

तेव्हा घरात एवढी वयं कमीजास्त व्हायला लागल्यावर मी त्यांचेच शब्द करायला घेतले. पहिला शब्द 'पाहुणवय'. घरातलं वय वेगळं आणि पाहुण्यांपुरतं वेगळं, चांगल्या कपबश्यांसारखं. दुसरा 'आटवणं'. दूध आटवावं तसं वय आटवायचं, खाली लागू द्यायचं नाही. आईने ताईचं सत्तावीस आटवून चोवीस केलं, तेही गोडीला. तिसऱ्या मजल्यावर करंदीकर काकू होत्या, त्यांची मुलगी दहावीला होती तरी त्या पस्तिशीतून हलत नव्हत्या. त्यांच्यासाठी 'मुक्कामवय'. आणि करंदीकर काकूंचा लहान मुलगा सहा वर्षांचा असून सगळ्यांना आठ सांगायचा, त्याच्यासाठी 'घाईवय'. घाईवय सांगितलं तेव्हा बाबांनी घास खाली ठेवला आणि हसले. पोटाचे टाके गेल्यापासून ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

मग एके दिवशी मी गच्चीवर पापड उचलायला गेले, तर ताई सोसायटीच्या बायकांत बसली होती आणि सगळ्या डोळ्यांतून पाणी येईतो हसत होत्या. ताई त्यांना 'मुक्कामवय' सांगत होती. करंदीकर काकूसुद्धा हसत होत्या, कारण ताईने ते दुसऱ्याच कुणावर घालून सांगितलं होतं. "उषा, काय डोकं आहे गं तुझं!" कुणीतरी म्हणालं. ताईने मला पाहिलं. माझं नाव घेईल म्हणून मी पापडाचं ताट धरून उभी राहिले. तिने फक्त पदर सारखा केला. मी पापड अर्धवट ओलेच गोळा करून खाली आणले. सिल्कची साडी घे, साय घे, बाबांना घे, पण शब्द तरी ठेव ना माझे! तिला मी हे बोलले नाही. बोलले असते तर ती सहज म्हणाली असती, "घे की परत," आणि ते मला सहन झालं नसतं.

त्या काळात माझी जळण्याची शक्तीच अफाट होती. घणसोली गावातली हिराबाई डोक्यावर पाटी घेऊन खाडीची कोलंबी विकायला यायची, मी तिच्यावरही जळायचे. एकदा मी तिला वय विचारलं. ती पाटी उतरवून पायरीवर बसली आणि म्हणाली, "वय मना ठाव नाय बाय. खाडीचा पानी गावान शिरला, त्या सालची हाय मी. आता तूच मोज." तिच्याकडे आकडाच नव्हता, तर कुणी कमी काय करणार? आईने तिच्याशी कोलंबीवरून तासभर घासाघीस केली असती, पण वय एका दिवसानेही उतरवता आलं नसतं. मी त्या दिवशी कोलंबी सोलताना मुद्दाम दोन बाजूला काढून स्वतःसाठी तळल्या.

आणि मग जवळच्या पावणे गावातली नोकरी आली. पावण्याला छोट्या कारखान्यांची रांग होती, वारा तिकडून आला की आमच्या खिडकीतून रंगाचा आणि रबराचा वास यायचा. तिथल्या एका पॅकिंगच्या खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ऑफिसात मुलगी हवी होती. मी घरी न सांगता जाऊन आले. मालकांनी माझा पदवीचा कागद मागितला, तो मी पेटीतून काढून नेला होता. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे वर पाहून म्हणाले, "मॅडम, पहिल्या तारखेपासून या." मॅडम! मी घरी येईपर्यंत तो शब्द तोंडात घोळवत आले. आईने एका वाक्यात निकाल लावला. "सेकंड इयरची मुलगी नोकरीला कशी जाईल? ताईचं जमू दे, मग जा कुठे जायचं तिथे." मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "थोडं थांब." पहिल्या तारखेला बारा दिवस होते आणि वाशीचं स्थळ येत्या रविवारी बघायला येणार होतं.

वाशीचं स्थळ म्हणजे श्रीधरराव, आताचे माझे भावोजी. बँकेत होते, बोलणं मऊ, आणि बघण्याआधी फोटोवरच त्यांनी होकार कळवल्यासारखं केलं होतं. फक्त त्यांची एक आत्या होती. तिच्या शब्दाबाहेर घरात पान हलत नसे आणि ती वयाला फार पक्की, असं मध्यस्थांनी आईच्या कानावर घातलं होतं. आई रविवारी सकाळपासून मला पढवत होती. "हे बघ, शहाण्या बायका मुलीचं वय मुलीला कधी विचारत नाहीत. धाकट्या भावंडाला विचारतात. मुलीची तयारी झालेली असते, धाकटं गाफील सापडतं. तुला विचारतील. काय सांगशील?" मी म्हटलं, "सेकंड इयर." "आणि वय?" "एकोणीस." "शाब्बास." तेवढ्यात ताई केस पुसत आली आणि आईला म्हणाली, "तिला सारखं सारखं का पिडतेस?" मग माझ्याकडे बघून हसली, "पाहुणवय विसरू नको हं, सुमे." माझा शब्द, मलाच, फुकट.

चौघं आली. आईने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या होत्या आणि सोलकढी, कारण मध्यस्थांनी सांगितलं होतं की ते मालवणकडचे. आत्याबाईंनी करंजी मोडून सारण बघितलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, माझ्या वेण्या बघितल्या. ताईला त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, स्वयंपाक आणि गाणं. ताई गायली. श्रीधररावांनी त्या गाण्यात सोलकढीचा पेला तसाच हातात धरून ठेवला होता. मी त्यांच्याकडे पाहत होते. मला ते आवडले होते असं नाही, उगाच कुणी तसं समजू नये. मला ते पाहणं हवं होतं. एखाद्याने मला पूर्ण माझ्या वयाची समजून एकदा असं पाहावं, बस. वरच्या मजल्यावर मशीन सुरू झालं, भिंत थरथरली, आणि आत्याबाई माझ्याकडे वळल्या.

"तू काय करतेस गं, बाळ?"

बाळ म्हटलं नसतं तर कदाचित वाचले असते. मी म्हणाले, "माझं बी.कॉम. झालं. मला बावीस पूर्ण झाली. पहिल्या तारखेपासून पावण्याला नोकरीला जाणार आहे." ताईबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. मी फक्त माझं खरं सांगितलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आले. पण बोलताना मी आत्याबाईंच्या ओठांकडे बघत होते. त्या मनात बेरीज करत होत्या आणि मला ती बेरीज होताना बघायची होती. ताईचं लग्न त्या बेरजेवर लटकलं होतं आणि दोर माझ्या हातात होता. इतकं बलवान मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

आईच्या हातातलं करंज्यांचं ताट टीपॉयवर टेकलं. आत्याबाई म्हणाल्या, "बावीस? मग ही..." आणि ताई हसली. घाबरून नाही, खरंच हसली, गच्चीत हसायची तशी. "आत्याबाई, हिचं काही ऐकू नका. बी.कॉम. ती मनातल्या मनात केव्हाच झालीय. पावण्याचा कारखाना बघून आली तेव्हापासून घरात सगळ्यांना बावीस सांगत सुटलीय. आमच्याकडे याला शब्द आहे. घाईवय."

"काय म्हणालीस?" श्रीधररावांनी विचारलं.

"घाईवय. मोठं व्हायची घाई झालेल्याचं वय. तिसऱ्या मजल्यावर एक सहा वर्षांचा मुलगा आहे, त्यालाही तेच झालंय."

श्रीधरराव खो खो हसले. त्यांची आई हसली. सगळे माझ्या दोन वेण्यांकडे बघून हसले, आणि त्या वेण्यांत, त्या स्कर्टमध्ये बावीस वर्षांची बाई कुणाला दिसणार होती? फक्त आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी थेट बाबांना विचारलं, "काय हो, खरं काय?" बाबा जन्मात खोटं बोलले नव्हते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कधीकाळी विडी ओढत होता का विचारलं, तेव्हा शाळेतल्या दोन विड्या त्यांनी सांगितल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "घाईच." आणि ताईकडे बघून मान हलवली, एकदाच.

लग्न जमलं. पाहुणे गेल्यावर आई मला फटकावेल असं वाटलं होतं, पण ती देवापुढे साखर ठेवत रडत बसली. ताई मोरीत ताटं विसळत होती. मी दारात उभी राहिले. ती मागे न बघता म्हणाली, "का केलंस?" मी म्हणाले, "तो माझा शब्द होता." तिला वाटलं मी विषय टाळतेय. तिने ताट पालथं घातलं आणि म्हणाली, "चांगला होता." मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग निवतो. मला आला तो हेवा. मी खरं बोलून हरले आणि ती माझंच खेळणं घेऊन जिंकली, वर बाबांची मानही घेऊन गेली. बाबांनी ती का दिली ते मला फार उशिरा कळलं. दोन वर्षं जखम धुणाऱ्या हातांना त्यांना काहीतरी द्यायचंच होतं आणि त्यांच्याकडे देण्यासारखं एवढं एकच होतं. पहिल्या तारखेला पावण्याला दुसरी कुणीतरी रुजू झाली. बाबा आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन महिनाभर थांबता का म्हणून विचारून आले होते, हेही मला ते गेल्यानंतरच आईकडून समजलं.

लग्नानंतर मी माझं बावीस परत घेतलं, तोवर ते तेवीस झालं होतं. पुढे सरकारी कचेरीत लागले, तिथे जन्मतारीख कागदावर होती आणि तिला कुणी हात लावला नाही. ताईला मात्र चोवीसच घेऊन सासरी जावं लागलं. सासऱ्यांनी रेशनकार्डात तेच घातलं, तिथून ते पुढच्या सगळ्या कार्डांवर गेलं. तिच्या दहावीचा आणि बी.ए.चा कागद तिने माहेरीच ठेवला, आईनंतर तो माझ्या कपाटात आला. मुलगा निखिल शाळेत जायला लागल्यावर तिला घराजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायला बोलावलं होतं. तिने 'हौस नाही' म्हणून कळवलं. हौस किती होती ते मला ठाऊक होतं. कागद मागितले असते आणि कागदावर साल होतं. तेव्हा मी तिला फोन केला नाही. माझी बढती झाली होती आणि मला ते तिच्या कानावर घालायचं होतं, पण तेवढं वाईट मला होता आलं नाही.

मागच्या महिन्यात मी निवृत्त झाले. त्यानंतर पंधरा दिवसांनी निखिलने त्याच्या आईची साठी केली. सकाळीच घरगुती बेत होता, सुनेने कणकेचे साठ दिवे करून परातीत लावले होते. ताई पाटावर बसली होती, मोतिया रंगाचीच साडी, केस पांढरे पण चेहरा अजून साय लावल्यासारखा. ओवाळून झालं तेव्हा निखिल मला म्हणाला, "मावशी, एक सांग. तू आईपेक्षा पाच वर्षांनी लहान ना? म्हणजे पंचावन्न. मग रिटायर कशी झालीस? तुमच्याकडे अठ्ठावन्न ना?"

भावोजी खुर्चीतून पुढे वाकले. त्यांना कधी कळलं होतं का, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. माझ्या पर्समध्ये निवृत्तीचा कागद होता, त्यावर जन्मतारीख छापलेली. छत्तीस वर्षांनी पुरावा माझ्या मांडीवर होता आणि पुन्हा एकदा एक बेरीज माझ्या शब्दासाठी थांबली होती. ताई माझ्याकडे बघत होती. या वेळी ती हसत नव्हती.

"घाई," मी म्हणाले.

सगळे हसले. भावोजी तर टाळी देत म्हणाले, "घाईवय! अजून गेलं नाही हिचं!" तो शब्द त्या घरात ताईचा म्हणूनच चालतो, नातवंडांनाही तसाच सांगतात. मी दुरुस्त केलं नाही.

मग मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ताई माझ्या मागोमाग आली. ओट्यावर दिव्यांची उरलेली कणीक होती. तिने त्यातला गोळा घेतला आणि बोलता बोलता तीन दिवे वळले, ओळीने ठेवले. वाती नव्हत्या. मग तिने तिन्ही मोडून पुन्हा एक गोळा केला.

"तुझं बरं आहे सुमे," ती म्हणाली. "तुझं वय तुझ्याकडे राहिलं."

मला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंही, पण नंतर, घरी परत येताना. त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायलाच हे प्रकरण लिहिलं. ताईला माझा हेवा वाटत होता, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पाण्याचा ग्लास तसाच हातात धरून उभी राहिले.